मी बरी होते

मार्च लागला की आमच्या समोरच्या गॅलरीत व्याकरण सुरू होतं. समोरच्या बिऱ्हाडातली आई पोळ्या लाटता लाटता मुलीला वाक्यं घालते आणि मुलगी कंटाळलेल्या आवाजात काळ बदलून देते. "मी शाळेत जाते." "मी शाळेत गेले." "आम्ही आंबा खातो." "आम्ही आंबा खाल्ला." बदलापूरला शिरगावात येऊन मला बरीच वर्षं झाली. शेजार बदलला, मुलं मोठी होऊन कुठे कुठे गेली, पण दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कुठल्या तरी गॅलरीतून हा पाढा ऐकू येतोच. खाली आंब्याला बारक्या कैऱ्या धरलेल्या असतात, पंख्याची हवा दुपारी गरम लागते आणि चर्चमध्ये ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असतो. परीक्षा आणि उपवासकाळ बहुतेक वर्षी एकदमच येतात. मी खिडकी लावून घेतो. मग उकडतं म्हणून पुन्हा उघडतो.

माझी बायको सुनंदा अंबरनाथच्या एका शाळेत मराठी शिकवायची. मी फॅक्टरीत टूलरूमला, हत्यारं मापात बसवायच्या कामावर होतो. आम्हांला मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये आमच्या दोन खोल्यांवर उत्तरपत्रिकांचं राज्य असे. पलंगावर गठ्ठे, शिलाई मशीनवर गठ्ठे, एकदा तर तांदळाच्या डब्यावरसुद्धा गठ्ठा सापडला. त्या कागदांना एक वास होता. शाई, खोडरबर, मुलांच्या घामट हातांचा वास. फॅक्टरीतून आलं की मी आधी तो वास घेई, मग चहाचा. सुनंदा लाल पेन केसांत खोचून स्वयंपाक करायची आणि मध्येच हसत यायची. "ऐका. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर हा लिहितो, माझा आवडता प्राणी माझे बाबा आहेत." मग आम्ही दोघं हसायचो, आणि ती त्याला एक गुण जास्त द्यायची.

एका वर्षी तिच्या पेपरावरून शाळेत वाद झाला होता. तिनं काळ ओळखायला वाक्य दिलं होतं, 'मी मोठी होते.' अर्ध्या वर्गानं वर्तमानकाळ लिहिला, अर्ध्यानं भूतकाळ. मुख्याध्यापक म्हणाले, साळवेबाई, असा गोंधळाचा प्रश्न घालायचा नसतो. सुनंदा म्हणाली, गोंधळ भाषेतच आहे, मी काय करू? बाई म्हणाली 'मी मोठी होते', तर ती आता मोठी होत असेल, नाहीतर पूर्वी मोठी होती आणि आता नाही. दोन्हीला 'होते'च. "मग मुलांनी ओळखायचं कसं?" "संदर्भावरून ओळखायचं." संदर्भ तिनं दिलेला नव्हता, म्हणून तिनं सगळ्यांना गुण देऊन टाकले. मला ही गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितली होती की मी पुढे पुढे ऐकतच नसे. नुसती मान हलवायचो.

तिच्या दुरुस्तीतून देवसुद्धा सुटला नव्हता. रोज संध्याकाळी दिवे लागले की आम्ही दोघं जेवणाआधी प्रार्थना करायचो. एक दिवस तिची पाळी, एक दिवस माझी. अंबरनाथ-उल्हासनगरच्या हवेत राहून माझ्या मराठीत निम्मी हिंदी शिरलेली. मी डोळे मिटून म्हणायचो, "प्रभू, आमची मदत कर." आमेन झाल्यावर ती वाढता वाढता म्हणायची, "आम्हांला मदत कर." मी म्हणायचो, त्याला कळतं. ती म्हणायची, "त्याला कळतं हो. पण तुम्हांला कधी कळणार?" हे आमचं वर्षानुवर्षं चाललेलं. मी मुद्दाम चुकत असेन असंही तिला वाटायचं, आणि पुढे पुढे ते काही अगदी खोटं नव्हतं.

मग एका वर्षी, नव्वदीच्या सुरुवातीला कधीतरी, खिडकीशी बसून ती चाचणीचे पेपर तपासत होती. ऊन तिच्या तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, तुझे डोळे पिवळे दिसतायत. ती म्हणाली, "शाळेनं कागदच पिवळा आणलाय यंदा, त्याचंच आलं असेल." दोन-तीन दिवसांत तळहातही पिवळे झाले. शेजारच्या मथुराताईंनी दारातूनच निदान केलं. त्यांचं माहेर चामटोलीचं, घरी शेती, जिभेवर गावची बोली तशीच. "ही कावील हाय गो बाय. आमच्या चामटोलीला म्हातारा हाय, तो माल देतो. डोक्यावर ठेवायची. जशी कावील उतरंल तशी माल लांब व्हते नि खाली उतरते. घाबरू नको."

माळ आणायची की नाही यावर आम्ही थोडं अडलो. चर्चच्या मंडळीत कोणी पाहिलं तर काय म्हणतील, हा माझा प्रश्न. म्हातारा मंत्र पुटपुटतो म्हणे. सुनंदा म्हणाली, "तो पुटपुटेल त्याच्या देवाशी, मी बोलेन माझ्या. मुळ्याच तर आहेत." कसल्याशा मुळीचे बारके तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, सुरुवातीला बांगडीएवढीच माळ. ती केसांवर ठेवून ती शाळेत जायची, वर पदर. आणि माळ खरंच लांबायला लागली. कपाळापर्यंत आली, कानांवरून उतरली, मग गळ्यात पडली. मथुराताईंनी येऊन मोजल्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, "उतरली. आता पथ्य पाल." त्या दिवशी आम्ही देवाचे उपकार मानले. डोळे मात्र आणखी पिवळे झाले होते, जेवण जात नव्हतं, आणि पाठीत कळ यायची.

ती माळ तिनं काढली तेव्हा मी खिळ्याला अडकवून ठेवली. तिथेही ती लांबतच राहिली. मी टूलरूमचा माणूस, मला हे आधीच कळायला हवं होतं. मुळ्या वाळतात, आखडतात, गाठी सैल पडतात. ती माळ कुणाच्याही डोक्यावरून उतरली असती. सुनंदानंही ते पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "माळ बिचारी तिचं काम करतेय."

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि माझ्याशी इंग्रजीत बोलले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला, कापून काढण्यासारखा उरला नाही. पित्ताला वाट करून देता येईल, म्हणजे खाज आणि पिवळेपणा कमी होईल, तेवढंच. मी बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, तपासनीससाहेब वर्गात आल्यावर बसावं तशी ताठ. "काय म्हणाले?" मी म्हटलं, "बघू म्हणाले." तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "'बघू' म्हणजे भविष्यकाळ. डॉक्टर भविष्यकाळात बोलले असते तर तुमचं तोंड असं झालं नसतं." त्या बाकावरच तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. मी रडलो. ती रडली नाही, तिला खाज सुटली होती आणि ती खाजवत होती. ते तिचं खाजवणं माझ्या अजून डोळ्यांपुढे येतं.

पोटातून नळी घातल्यावर थोडे दिवस तिला बरं वाटलं. शाळेनं नको म्हटलं तरी तिनं पेपर घरी मागवून घेतले. अंगावरचे ब्लाऊज पिशवीसारखे लोंबायला लागले होते, म्हणून मी ते उल्हासनगरला टेकूभाईंकडे घेऊन गेलो, तीही हट्टानं बरोबर आली. टेकूभाई सिंधी, आमचे जुने शिंपी. त्यांना काही माहीत नव्हतं. ते खूश होऊन म्हणाले, "क्या मॅडम, एकदम बारीक. घरवाली को भी बोलता हूँ, मॅडम से सीख." सुनंदा हसली. आठ दिवसांनी ब्लाऊज परत देताना त्यांनी एक उलटा करून दाखवला. "अंदर पूरा कपडा ठेवलाय. कापला नाही. मॅडम परत अंगाने भरले की फक्त उसवायचं." रस्त्यात तिनं मला विचारलं, "त्यांना सांगितलंत का तुम्ही?" मी नाही म्हटलं. "नका सांगू. कापड ठेवलंय बिचाऱ्यानं." वालधुनीच्या पुलावर त्या नदीच्या रासायनिक पाण्याचा वास आला आणि तिनं कठड्याला धरून उलटी केली.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधल्या रविवारी, मंडळीत बाहेरगावचे एक सुवार्तिक आले होते. प्रार्थनेनं रोग बरे करायच्या, आरोग्याच्या सभा घेणारे म्हणून त्यांचं नाव होतं. मोठा आवाज, पांढरा शुभ्र सफारी, मनाने चांगला माणूस असावा. ते आमच्या घरी आले. सुनंदाच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवून एवढ्या तळमळीनं प्रार्थना केली की त्यांच्या दंडाची शीर उडत होती. मग म्हणाले, "भगिनी, आता तुम्ही आजारी नाही. आता 'बरी होईन' म्हणायचं नाही. 'बरी झाले' म्हणायचं. विश्वास भूतकाळात बोलतो. येत्या रविवारी, पुनरुत्थानाच्या पहाटे मंडळीपुढे उभ्या राहा आणि साक्ष द्या, 'मी बरी झाले.' तोंडानं म्हणाल, तसं होईल." जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की अविश्वास घरात शिरू देऊ नका.

तो आठवडा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत वाईट आठवडा आहे. ती गेली तो सुद्धा इतका वाईट नव्हता. कारण त्या आठवड्यात मला आशा होती. मला वाटायचं, दोन शब्द आहेत, दोनच, ती म्हणाली तर कदाचित तो ऐकेल. न म्हणाली तर? दार आपल्याच हातानं बंद केल्यासारखं व्हायचं. मी तिच्या मागे लागलो. तिला गोळी देताना, पाणी तापवताना, पेपरांचे गठ्ठे उचलून देताना. "म्हणून टाक ना. काय जातंय तुझं?"

"झालं असतं तर म्हटलं असतं की."

"विश्वासानं म्हणायचं असतं."

"विश्वास आहे माझा त्याच्यावर. म्हणूनच त्याच्याशी खोटं कसं बोलू? तपासनीससाहेब येणार म्हणून आपण शाळेच्या भिंती रंगवतो, तसं थोडंच आहे? त्यानं माझं आतडं न् आतडं केलंय. त्याला माहीत नाही का आत काय आहे?"

"मग काय मागायचं, तुझ्या मते?"

"मागते ना. रोज मागते. बरी कर म्हणते. लहान मुलासारखी हट्टानं मागते. तो देत नाहीये." मग लाल पेनाचं टोपण लावून ती म्हणाली, "नाही देत म्हणून मी दिलं म्हणू का?"

मला राग आला होता. तिच्यावर, सुवार्तिकावर, खिळ्यावरच्या त्या माळेवर. मंडळीतली माणसं रोज घरी यायची, गाणी गायची, केळी आणि बिस्किटांचे पुडे ठेवून जायची, आणि प्रत्येक जण जाताना म्हणायचा, रविवारी साक्ष ऐकायला येतो. मंडळीचे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, वयस्कर होते, अबोल. ते नुसते बसायचे. एकदा त्यांनी सुनंदाला विचारलं, "उभं राहवेल का?" ती म्हणाली, "राहीन." उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, ती चर्चला आली नाही. तीन तासांची उपासना मी एकट्यानं ऐकली. वधस्तंभावर प्रभूही शेवटी विचारतोच ना बापाला, का सोडलंस म्हणून. त्याला उत्तर आलं नाही. हे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं की उत्तर आलं नाही.

पुनरुत्थानाची पहाटेची उपासना आमची मंडळी दफनभूमीत करायची. अंधार असतानाच सगळे जमायचे, आपापल्या माणसांच्या कबरी पुसून मेणबत्त्या लावायचे. गारवा होता. कुठूनतरी कडुलिंबाच्या मोहोराचा वास येत होता. सुनंदा टेकूभाईंनी आत घेतलेला ब्लाऊज घालून आणि पांढरी साडी नेसून आली होती. तिला बसायला कोणीतरी घरातून खुर्ची आणली होती. गीत झालं, संदेश झाला, पूर्वेला फटफटलं, आणि पाळक म्हणाले, आपली एक भगिनी साक्ष देणार आहे. मी मनातल्या मनात तिच्या आधी म्हणून टाकलं, बरी झाले, बरी झाले.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिचा वर्गातला आवाज अजून शाबूत होता, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती म्हणाली, "या मंडळीत मी बरी होते. त्याबद्दल मी प्रभूचे उपकार मानते." आणि बसली.

आमेन असा उठला की झाडावरचे कावळे उडाले. बायका रडायला लागल्या. कोणी तिचे हात धरले, कोणी माझी पाठ थोपटली. बरी होतेय म्हणाली, बाई बरी होतेय. मीही आमेन म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. झाले म्हणाली नाही, पण होते तरी म्हणाली, मला तेवढं पुष्कळ वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी तिला शिरा करून दिला. दोन चमचे तिनं खाल्ले. वर्षानुवर्षं गठ्ठ्यांच्या ढिगात बसून ऐकलेली ती पेपराची गोष्ट मला त्या पहाटे आठवली नाही. फक्त पाळकांनी तिच्याजवळ जाऊन नमस्कार केला तेव्हा त्यांचा चेहरा इतरांसारखा नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

एप्रिलअखेर तिनं शेवटचा गठ्ठा पुरा केला. अक्षर हललं होतं, पण बेरीज कुठे चुकली नाही. मे महिन्यात ती पलंगावरून उठेनाशी झाली. चामटोलीच्या बायका पाट्यांतून करवंदं, मग जांभळं घेऊन यायला लागल्या. बदलापूरकडची ती टपोरी जांभळं तिच्या जिवाची. मथुराताईंनी द्रोणभर आणून दिली. "एक तरी खा गो बाय." तिनं एक तोंडात धरलं, चोखलं, गिळता आलं नाही, माझ्या हातावर काढून दिलं. जीभ जांभळी झाली होती. तिनं आरसा मागितला आणि जिभेकडे पाहून हसली, शाळेतल्या मुलीसारखी. मग हसणं ओसरलं आणि ती आरशातल्या स्वतःकडे बघत म्हणाली, "गेल्या जांभळांना मी बरी होते."

मथुराताई द्रोण उचलून आत गेल्या. माझ्या हातात ते जांभूळ तसंच होतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. आणि तेव्हा मला मुख्याध्यापक आठवले, अर्धा वर्ग आठवला, दफनभूमीतली खुर्ची आठवली. मी विचारलं, "त्या पहाटे तू कोणतं 'होते' म्हणालीस?"

तिनं आरसा पालथा ठेवला. "तुम्हांला कोणतं ऐकू आलं?"

"वर्तमानकाळातलं."

"मग तुम्हांला त्याचे गुण."

"सुनंदा, खरं सांग."

तिचे डोळे मिटायला लागले होते. औषधाची गुंगी होती. "संदर्भावरून ओळखायचं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी प्रार्थनेची पाळी तिची होती, पण मीच केली. जुनीच ओळ तोंडात आली, "प्रभू, आमची मदत कर." आमेन म्हणून मी थांबलो. डोळे उघडले नाहीत, वाट बघत राहिलो. ती जागी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता. पण तिनं दुरुस्ती केली नाही. मी पुन्हा म्हटलं, आमची मदत कर. तेव्हाही नाही.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आत ती गेली. पहाटेच्या उपासनेला ज्या दफनभूमीत ती उभी राहिली होती, तिथेच तिला ठेवलं. ते सुवार्तिक नंतर एकदा भेटले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, साक्षीत थोडं कमी पडलं, 'झाले' म्हणायला हवं होतं. मी त्यांच्याशी भांडलो नाही. त्यांना खरोखर तसं वाटत होतं. मंडळीत अजूनही एखादी म्हातारी म्हणते की साळवेबाईंचा विश्वास किती, मरणाच्या दारातही 'बरी होते' म्हणाल्या. मी त्यांना काही सांगत नाही. सुनंदानं तेवढ्यासाठीच ते वाक्य शोधून काढलं होतं. त्यांना त्यांचं ऐकू यावं, तिला तिचं म्हणता यावं, आणि देवाशी खोटं पडू नये. आणि मला काय ऐकू यावं असं तिला वाटत होतं, ते मला माहीत नाही. तिनं माझा निरोप घेतला म्हणावं, तर तो मी आमेन म्हणून घालवला.

चर्चला मी अजून जातो. मागच्या बाकावर बसतो. आशा वगैरे म्हणतात ती माझ्यात उरलेली नाही, पण रविवारी दुसरीकडे जायचं कुठे? संध्याकाळी दिवा लावला की एकटाच डोळे मिटतो. आता बरोबर म्हणतो, "आम्हांला मदत कर." 'मला' म्हणावं असं ठरवतो, पण तोंडात 'आम्हांला'च येतं. आमेन झाल्यावर थोडा वेळ डोळे मिटलेलेच ठेवायची सवय काही गेलेली नाही.

समोरच्या गॅलरीत अजून चाललंय. आईच्या पोळ्या संपत आल्या असाव्यात, वाक्यं आखूड झाली आहेत. पोरगी हुशार आहे, आता कंटाळली तरी चुकत नाही. कधी कधी मला वाटतं, गॅलरीत जाऊन आपणही तिला एक वाक्य घालावं. 'ती बरी होते.' भूतकाळ कर. ती पटकन सांगेल, 'ती बरी झाली.' उत्तर अगदी बरोबर आहे, पूर्ण गुण द्यावे लागतील. म्हणून मी ते वाक्य घालत नाही.